ब्रेक शू आणि राख

आधी माफी मागतो. लिहिण्याचा अधिकार नेमका कुणाला असतो ते मला माहीत नाही, पण तो माझा नसावा असं वाटत राहतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी पुस्तकं आहेत ती माझ्याच अभ्यासाची, आणि तीही पावसाळ्यात ओल धरतात म्हणून आईने माशांच्या रिकाम्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवलेली. लिहायचं ते काहीतरी मोठं लिहायचं, असं मला वाटायचं. आणि मी लिहायला बसलोय ते आमच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या चाकांच्या ब्रेकबद्दल. वाचणाऱ्याला कंटाळा आला तर त्याची चूक नाही. पण ते तीन-चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत, म्हणून लिहितो.

आम्ही डोंबिवलीजवळ कोपरला राहतो, स्टेशनपासून खाडीच्या बाजूला चालत गेलं की जुनी कोळ्यांची घरं लागतात तिथे. आई ठाण्याला नौपाड्यात मासळी विकते. बाबा पूर्वी खाडीत होडी घालायचे. खाडीत मासळी उरली नाही तेव्हा त्यांनी होडी किनाऱ्यावर उलटी घातली आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. आता ते आईला आणि तिच्या टोपल्यांना नौपाड्याला नेतात-आणतात. आमच्या बोलीत गाडीला गारी म्हणतात, पण बाबा व्हॅनबद्दल बोलतात ते होडीबद्दल बोलावं तसंच. डावीकडे वळायचं असेल तर आधी वारा बघतात की काय, असं आई म्हणते.

माझी थोरली बहीण मुरूडच्या अलीकडे एका गावात दिलेली आहे. मी तिला ताई म्हणतो. तिला सातवा महिना लागला होता आणि बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचं होतं. आमच्या घरात एक रीत आहे. पहिल्या बाळंतपणाला लेक येते ती बापाच्या होडीतून. आई ताईच्या वेळेला अशीच गेली होती, तिच्या बाबांच्या होडीत बसून, भरतीच्या पाण्यावर, पायाशी नारळ ठेवून. ती गोष्ट ती अजून सांगते. दाजींनी फोनवर सांगितलं होतं की मी इथून चांगली एसी गाडी करून देतो, तुम्ही कशाला त्रास घेता. बाबा फोनवर "बरं, बगू" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, "लेक माजी. होरी नाय राह्यली तं गारी हाय."

गुरुवारी जायचं ठरलं. गुरुवारी नौपाड्यात मासळीला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे त्या दिवशी आई मोकळी असते.

आणि त्याच्या आधीच्या रविवारी ठाण्यातच माजिवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली नाही.

म्हणजे थांबली, पण बाबांनी ठरवलं होतं तिथे नाही. पुलावरून उतरताना मागून लोखंड घासल्यासारखा आवाज येत होता. बाबांनी ब्रेक दाबला, हँडब्रेकही वर ओढला, तरी गाडी सरकत सरकत पुढच्या रिक्षाच्या अगदी मागे जाऊन उभी राहिली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून मागे बघितलं.

"काय काका, मासळी डायरेक्ट माझ्या सीटवर देनार काय?"

बाबा हसले. आई हसली नाही. तिच्या मांडीवरची टोपली पुढे काचेवर आपटली होती. घरी आल्यावर टोपल्या उतरवायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "ह्या गारीत माजी पोर बसनार नाय. तुमी दाजींना फोन करा, गारी पाठवा म्हनावं."

बाबा काही बोलले नाहीत. ते गप्प झाले की मला भीती वाटते, कारण ते भांडणारे नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "तुज्या त्या फोनात बग, मागचा ब्रेक कसा खोलतान."

गॅरेजात का नाही नेली, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. आमच्याकडे होडीत घरची माणसं बसणार असतील तर होडीच्या फटी घरच्यानेच भरायच्या असतात. दुसऱ्याने भरलेल्या होडीतून मासळी आणायला हरकत नाही, पण बायकापोरं न्यायची असतील तर आपल्या हाताने कापूस आणि राळ ठासायची. यात बुद्धी किती आणि हट्ट किती ते मला सांगता येत नाही. पण बाबांचा चेहरा बघितल्यावर मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की ताईला आणणाऱ्या गाडीला माझाही हात लागावा. परीक्षेच्या प्रॅक्टिकलमुळे गुरुवारी मला जाता येणार नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी मी बरेच व्हिडिओ बघितले. जे कळलं ते असं. मागच्या चाकाच्या आत लोखंडाचा एक डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू बसवलेले असतात. त्यांच्या पाठीवर खरखरीत लायनर असतं. ब्रेक दाबला की शू बाहेर फाकतात, लायनर ड्रमला आतून घासतं आणि चाक थांबतं. आमचं लायनर झिजून संपलं होतं आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. नवे शू बसवायचे, एवढंच काम.

एवढंच म्हणायला सोपं आहे. सोमवारी सकाळी मी माजिवड्याच्या एका दुकानातून नवा सेट आणला, कारण आमच्या व्हॅनचं मॉडेल इतकं जुनं आहे की डोंबिवलीतल्या दुकानदाराने नाव ऐकूनच हात जोडले होते. दुपारी आम्ही कामाला लागलो. पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅकने मागची बाजू उचलली आणि खाली होडीचा जुना लाकडी ठोकळा सरकवला. जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालायचा नाही, हे व्हिडिओत सांगितलं होतं आणि बाबांना ते सांगावं लागलं नाही. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीला ते आयुष्यभर टेकू देत आलेत.

ड्रम गंजून घट्ट बसला होता. बाबांनी लाकडाचा तुकडा मध्ये धरून हातोडी मारली. काही नाही. मग मला आठवलं की ड्रमवर दोन छोटी भोकं असतात, त्यात बोल्ट आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. आम्ही दोन्हीकडून थोडं थोडं आवळलं आणि ड्रम कट्ट आवाज करून सुटला. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"तुज्या कालेजात शिकवतान कं ह्यो?"

"नाय बाबा. कालेजात नुसतं घर्षण शिकवतान."

"मंग बरा. नायतर मी बी आलो असतो."

मी प्रत्येक स्प्रिंग काढायच्या आधी फोनवर फोटो काढत होतो. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठला शू पुढे, कुठला मागे. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही, म्हणजे विसरलं तर दुसऱ्या बाजूला बघता येतं, असं एका व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. आम्ही ते पाळलं. काळी धूळ तोंडाने फुंकायची नाही म्हणून ओल्या फडक्याने पुसली. डावी बाजू व्यवस्थित झाली. बाबांच्या बोटांत जोर आहे. ताणलेली स्प्रिंग पकडीने ओढून ते अशी अडकवायचे, जशी जाळ्याची गाठ मारतात. मला दोन हात लावूनही ती हलत नव्हती.

आई पलीकडे गाडीच्या आतल्या सीट धूत होती. ताईला पोटुशी झाल्यापासून मासळीचा वास सहन होत नाही. ही बातमी आल्यापासून आई चिडलेली होती.

"कोल्याची पोर, आन तिला मासलीचा वास नको! माज्या पोटात होती तवा मी रोज सुकट कुटत होते." असं म्हणत ती लिंबाच्या साली सीटवर घासत होती. "आवं, तुमचा झाला कं? का बालाचा बारसा झाल्यावर चाक लावनार?"

"तू लिंबू घास," बाबा म्हणाले.

उजवी बाजू उघडली तेव्हा ऊन कलत आलं होतं. शूला मागच्या पत्र्यावर धरून ठेवणारी एक छोटी स्प्रिंग असते, तिच्यावर एक गोल टोपी असते. ती दाबून फिरवली की निघते. मी दाबली, फिरवली आणि ती माझ्या बोटांतून उडाली. टण्ण. कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. गाडीखाली, गटारात, आईच्या बादलीत, सगळीकडे शोधलं. शेवटी मीच म्हटलं की जाऊन नवी आणतो. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊं दे, सापरंल," पण मला धीर नव्हता. मी ठाण्याला गेलो.

परत आलो तेव्हा चाक लागलेलं होतं, जॅक काढलेला होता आणि बाबा ओट्यावर बसून रॉकेलच्या फडक्याने हात पुसत होते. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की तो मला अजून दिसतो.

"तुजी टोपी जाल्यात व्हती," ते म्हणाले. भिंतीला टेकून जुनी जाळी ठेवलेली असतात, त्यातल्या एका घडीत ती अडकली होती. "जाल्यात अरकलेली वस्तू मना सापरनार नाय कं? फोटू नव्हता तरी बसवला सगला, डाव्या बाजूचा आठवून. आन आतून मस्त ग्रीस मारलाय. पुरा ड्रम. आता खारं पानी शिरला तरी धा वरसं काय व्हनार नाय."

माझ्या हातात नव्या टोपीची छोटी पुडी होती. ती मी खिशात ठेवली.

आमच्याकडे लोखंडाला उघडं ठेवत नाहीत. खाडीची हवा सगळं खाते. दाराची कडी असो, आईचा कोयता असो, होडीच्या इंजिनाचा नट असो, बाबांच्या हातातून गेलेल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला तेल किंवा ग्रीस लागतंच. हे त्यांचं प्रेम करणं आहे. ताई सासरी गेली तेव्हा त्यांनी तिच्या ट्रंकेच्या बिजागऱ्यांनाही ग्रीस लावलं होतं आणि त्याने तिचा शालू खराब झाला होता. आणि आता त्यांनी लेकीच्या गाडीच्या ब्रेकला, म्हणजे जिथे घासून थांबायचं नेमकं तिथे, मनापासून ग्रीस फासलं होतं.

मी घरात जाऊन पाणी प्यालो. खूप वेळ प्यालो. बोलायला हवं हे कळत होतं, त्यात शंका नव्हती. पण कसं? घरात पहिला शिकलेला मुलगा असण्याची एक अडचण असते, ती मी कुणाला सांगू शकलेलो नाही. मी काहीही सांगितलं की ते बरोबरच असणार असं दोघं धरून चालतात, आणि तरी माझ्या तोंडून एखादी गोष्ट निघाली की बाबांच्या खांद्यांत थोडंसं काहीतरी वाकतं. ते मला बघवत नाही. सातवीत मी त्यांना नकाशावर आपली खाडी दाखवली होती. त्यांनी बोट ठेवून विचारलं होतं, "येवरीशीच?"

आईने चहा ठेवला होता. ती माझ्याकडे बघत होती. "काय झाला रे? तोंड का पारलंस?"

"काय नाय."

"काय नाय तं चाय पी. थंड व्हतंय."

मी कप घेऊन बाहेर ओट्यावर बाबांच्या शेजारी बसलो. आणि म्हटलं, "बाबा, आतून ग्रीस नाय चालत."

"का रं?"

मी सांगायला लागलो. घर्षण म्हणजे काय, लायनर खरखरीत का असतं, दोन पृष्ठभागांमध्ये वंगण आलं की काय होतं. मी ऐकत होतो माझंच बोलणं, ते वर्गातल्या फळ्यावरून आल्यासारखं वाटत होतं. बाबा मान हलवत होते, पण त्यांना समजत नव्हतं ते दिसत होतं. एवढंच समजत होतं की त्यांनी काहीतरी वाईट केलंय. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे गारी थांबली नसती?"

मी कपातल्या चहाकडे बघितलं.

"म्हंजे मी माज्या लेकीला घेऊन... आन गारी थांबली नसती?"

"तसं नाय बाबा. तुमाला कसं ठाऊक असनार?"

हे मी बोलायला नको होतं. चांगल्या मनाने बोललो होतो, पण बोलल्यावर ते कसं लागलं ते दिसलं. बाबा खाडीकडे बघत बसले. ओहोटी होती. उलट्या होडीवर एक बगळा उभा होता.

आई दारात कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिच्या हाताला अजून लिंबाचा वास होता.

"आवं," ती म्हणाली, "मी वाम कापते तवा हाताला काय लावते?"

बाबांनी वर बघितलं. वाम हा सापासारखा लांब मासा, अंगाला इतका बुळबुळीत की हातात राहत नाही.

"राख," ते म्हणाले.

"का? त्याल का नाय लावत?"

बाबांनी आपल्या ग्रीसच्या बोटांकडे बघितलं. मग हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी वामेला त्याल लावला!" ते म्हणाले. "पुरा ड्रमभर त्याल लावला!"

"मंग तेच सांगतंय ना पोरगा. घर्सन घर्सन कनाला करतंस रे, वाम म्हन ना सरळ."

मीही हसलो. मी घर्षणावर वर्गात सगळ्यांत चांगलं उत्तर लिहिलं होतं आणि आईची राख मी लहानपणापासून बघत आलो होतो. दोन्ही एकच गोष्ट आहे, हे माझ्याही डोक्यात तोवर आलं नव्हतं.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मी पुन्हा माजिवड्याला गेलो. ग्रीस प्यालेलं लायनर पुसून चालत नाही, ते बदलावंच लागतं, आणि दुकानात सेट मिळतो तो दोन्ही चाकांचा मिळून. दुकानदाराने मला ओळखलं.

"पुन्हा? अरे, काल तर नेला होतास. गाडी आहे का बैल? शू खाते का?"

"बाबांनी ग्रीस लावलं," मी सांगितलं. खोटं बोलायला सुचलं नाही.

त्याने काऊंटरवरून पुडकं सरकवलं. "आमच्या वडिलांनी एकदा बॅटरीत नारळपाणी घातलेलं," तो म्हणाला. "देवाचं पाणी म्हणून. जा, सांभाळून बसव."

हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांना फार बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते शेजारच्या दोन घरी सांगितलं होतं, ग्रीसचा भाग वगळून.

या वेळी मी ड्रम साबणाच्या पाण्याने धुतला, पॉलिश पेपरने आतून घासला, पुन्हा धुतला आणि उन्हात ठेवला. मागचा पत्राही धुतला. नवे शू हातात घ्यायच्या आधी आई चुलीकडून राख घेऊन आली. आमच्याकडे गॅस आहे, पण मासे भाजायला मागच्या अंगणात चूल आहेच.

"हात करा पुरं," ती बाबांना म्हणाली. बाबांनी दोन्ही हात पुढे केले. तिने त्यांवर राख ओतली, त्यांनी चोळली, मग हात साबणाने धुतले, फडक्याला पुसले आणि वर धरून उभे राहिले. "बग, डॉक्टर," आई म्हणाली. "आपरेशन करतान."

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती मला नंतर व्हिडिओ पुन्हा बघताना कळली. ग्रीस अजिबातच नको असं नसतं. मागच्या पत्र्यावर जिथे शूच्या कडा टेकतात तिथे छोटे उंचवटे असतात. त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावायचं असतं, नाहीतर शू अडकतात आणि कुरकुरतात. म्हणजे बाबांचंही खरं होतं, जागा चुकली होती. मी त्यांना सांगितलं. ते ग्रीस मग त्यांनीच लावलं, काडीच्या टोकाने, आणि प्रत्येक ठिपका मला दाखवून. "येवरा?" "थोरा कमी." "येवरा?" "हां." लावून झाल्यावर त्यांनी हात पुन्हा राखेने धुतले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

या वेळी बाबांच्या जागी बसून मी स्प्रिंग अडकवली. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा बाबांनी माझ्या मनगटाखाली आपला हात धरला, जोर मात्र दिला नाही. ती बसली. ड्रम चढवला, चाक हाताने फिरवलं. आतून अगदी बारीक, कागद घासल्यासारखा आवाज आला. तसाच यायला हवा होता.

बुधवारी दुपारी गाडी तपासायची होती. मला वाटलं बाबा आणि मी जाऊ. पण आई पदर खोचून आली, हातात पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या.

"हे कनाला?" बाबांनी विचारलं.

"मी मागं बसनार. ताई बसनार तितं. पानी सांडला तं मी दाजींना फोन करनार."

ती मागच्या सीटवर बसली, तांब्या मांडीवर. आम्ही खाडीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याला लागलो. बाबांनी थोडा वेग घेतला आणि ब्रेक दाबला. गाडी अशी थांबली की आईच्या मांडीवर अर्धा तांब्या रिकामा झाला.

"आयला!" बाबा म्हणाले. त्यांना आनंद झाला होता.

"आयला काय? माजा लुगरा भिजला. तुमी मासली नाय नेत. पोर नेतांव. हलू दाबा."

तिने रस्त्याकडेच्या नळावर तांब्या पुन्हा भरून आणायला लावला. पुन्हा गेलो, पुन्हा थांबलो. पुन्हा थोडं सांडलं. बाबा शिकत होते. इतकी वर्षं झिजलेल्या ब्रेकवर पाय दाबायची सवय झाली होती, आता हलक्या पायाने थांबायला शिकायचं होतं. उतारावर जाऊन आलो. हँडब्रेक लावून उभी केली, जागची हलली नाही. कितव्या फेरीला ते मोजलं नाही, पण एका फेरीला गाडी थांबली आणि मागून आवाज आला नाही. मी वळून बघितलं. आई तांब्यात बघत होती. पाणी नुसतं हलत होतं, काठावरून खाली आलं नव्हतं.

"चालंल," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

गुरुवारी पहाटे ते दोघं निघाले. बाबांनी गाडीच्या पायदानाशी नारळ ठेवला. आईने चाकांना हळदकुंकू लावलं आणि लावताना मला हाक मारून विचारलं, "ह्यानं तं घसरत नाय ना?" मी नाही म्हटलं. मग गाडी गल्लीतून वळली.

मी प्रॅक्टिकलला गेलो. स्प्रिंगला वजनं अडकवून ती किती ताणली जाते ते मोजायचा प्रयोग आला होता. स्प्रिंग बघितल्यावर मला उजव्या चाकातली स्प्रिंगच आठवायला लागली. ती नीट त्या भोकात गेली होती ना? फोटो काढला होता. फोटो बघायला फोन बाहेर ठेवलेला. ड्रम धुतला होता, पण अगदी आतल्या कडेला, जिथे बोट पोचत नाही, तिथे काही राहिलं असेल तर? तांब्यातलं पाणी सपाट रस्त्यावर हललं नाही हे ठीक. पण अलिबागजवळच्या कार्लेखिंडीचा उतार सपाट नाही, आणि काशीदच्या पुढचे चढउतार त्याहून वाईट.

दुपारी ताईचा मेसेज आला होता. "आई-बाबा आले. जेवले. निघतोय." एवढाच. म्हणजे जातानाचा रस्ता नीट झाला होता. पण परत येताना ती आत असणार होती.

घरी येऊन मी बाबांना फोन लावला. बंद. तो बंदच असणार हे मला माहीत होतं. होडीवर जाताना ते फोन बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचे, पाणी जाऊ नये म्हणून, आणि ती सवय व्हॅनमध्येही सुटलेली नाही. आईला फोन लावला. तो वाजला. पण आवाज आला तो घरातूनच, फडताळावरून, डाळीच्या डब्यामागून. ताईला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

घरात बसवेना. मी किनाऱ्यावर उलट्या होडीशी जाऊन बसलो. होडीच्या बाजूला बाबांनी जुने झिजलेले शू ठेवले होते. एका जाळ्याच्या खालच्या दोरीला ते वजन म्हणून बांधणार होते. दोन बांधून झालेही होते. मी बाकीचे बांधायला घेतले, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. माझ्या गाठी बाबांसारख्या होत नाहीत. भरती चढत होती. पलीकडच्या काठावर दिवे लागले. मी मनात रस्ता धरून चाललो होतो. आता अलिबाग गेलं असेल. आता खिंड. खिंडीत मी बराच वेळ अडकलो. पुढे जाताच येईना.

फोन वाजला तेव्हा माझे हात ओले होते. शर्टाला पुसले आणि उचलला. ताईचा होता.

"काय रे, कवरे फोन केलंस?" तिचा आवाज जड होता, नुकत्याच उठलेल्या माणसासारखा. मागून आई काहीतरी बोलत होती आणि बाबा हसत होते.

"कुटं हाव तुमी?"

"शिलफाट्याला, आलोच आता. चाय पितांव."

"आन खिंड?"

"कंची खिंड?" ताई म्हणाली. "मी झोपलेले. अलिबागच्या आदी डोला लागला, तो आता गारी चायच्या टपरीवर थांबली तवा आईनं हलवून उठवला. मना कललंच नाय खिंड कवा आली आन कवा गेली."